मुलीकडची बाजू

रविवार, २१ सप्टेंबर

स्वरदाने आज जाहीर केलं की तिची आणि अनिशची बैठक लिउराला होणार. लग्नाची बोलणी खरं तर वाईला तिच्या आईबाबांच्या घरी व्हायची. ती आता सिडनीबाहेरच्या एका डोंगरावर, इंग्रजी धाटणीच्या गावात, चहा पीत आणि स्कोन नावाचे गोडसर पाव खात होणार. कल्पना अनिशची. गाडी यतिनची. यतिन हा अनिशचा मित्र. तो मुलाकडून बोलणार.

"आणि मुलीकडून कोण?" मी विचारलं.

"तू."

"मी तुझी नातेवाईक नाही."

"बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ते दोघं येऊ शकत नाहीत. आई व्हिडिओवर असेल. पण प्रत्यक्ष माणूस म्हणून तू बस. मुलीकडची तू, बस. आईपण हेच म्हणाली."

तीन वर्षं आम्ही सिडनीच्या हॅरिस पार्क भागातल्या या फ्लॅटमध्ये एकत्र राहतो. ती नर्स आहे. मी रेल्वेच्या सिग्नल यंत्रणा तपासते. दोन गाड्या एका रुळावर समोरासमोर येणार नाहीत, असं पुरवठादाराने नुसतं सांगून भागत नाही. त्याच्याकडून ते सिद्ध करून घ्यावं लागतं. ते माझं काम. या कामामुळे लोक माझ्याशी गप्पा मारत नाहीत. स्वरदा मारते.

अनिशबद्दल माझं मत असं: उंच, मोठ्याने हसणारा, शेतीला पाणी देणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत नोकरी. मला 'इरावती मॅडम' म्हणतो. आमच्या फ्रिजमधलं दही न विचारता घेतो. भांडं धुतो, पण पालथं घालत नाही.

मी हो म्हणाले. कुणीतरी त्याला प्रश्न विचारायला हवेतच.

बुधवार, २४ सप्टेंबर

वाईहून शोभाकाकूंचा, स्वरदाच्या आईचा, फोन. स्वरदाला नव्हे, मला.

"लव्ह मॅरेज असलं म्हणून काय झालं, चार माणसांत बोलणं व्हायला हवं की नको? मला मेलं ते धड विचारता येत नाही. मी लगेच विरघळते. तुझं डोकं थंड आहे. तू विचार हो सगळं."

मी म्हणाले, विचारीन.

"आणि तू जेवतेस ना वेळेवर? सुट्टीच्या दिवशी बाहेर पडत जा. चार मैत्रिणी कर आणखी. एकटं एकटं राहू नये माणसाने."

मी एकटी राहत नाही, हे त्यांना माहीत आहे. विषय कुठून आला कळलं नाही. वय झालं की बोलण्यात असं होत असावं.

सोमवार, २९ सप्टेंबर

अनिश शनिवार-रविवार ऑफिसच्या कामासाठी ब्रिस्बेनला गेला होता, असं तो म्हणतो. आज जेवायला आला तेव्हा त्याचे पांढरे बूट दारात होते. तळव्याच्या खाचांत लाल माती. नुसती तांबूस नाही, गेरूसारखी लाल. ब्रिस्बेन शहरात ऑफिसचं काम करून येणाऱ्या माणसाच्या बुटांना अशी माती लागत नाही.

स्वरदासुद्धा त्याच दोन दिवसांत ब्रिस्बेनला मैत्रिणीकडे गेली होती. तिला विचारलं, तिकडे भेटलात का? ती म्हणाली, "छे गं, वेळच नाही मिळाला," आणि गॅलरीत जाऊन तिचे धुतलेले बूट उन्हात सरकवले. म्हणजे तो काय करत होता हे तिलाही माहीत नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

स्वरदा कपाट आवरते आहे. हिवाळ्याचे कपडे वेगळे, पुस्तकं खोक्यात. मग म्हणाली, "इरा, माझी खोली तू घे ना. तुझ्या खोलीत ऊन कुठे येतं?"

मला उन्हाची गरज नाही, असं मी सांगितलं. अनिश इथे राहायला येणार आणि मला आधीच लाच दिली जाते आहे, इतकं मला समजतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सगळं जुळलं. काल यतिन आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "टूवूंबाला थंडी जाम असते म्हणे." अनिशने टेबलाखालून त्याला पाय मारला. कप हिंदकळला. स्वरदा तेव्हा स्वयंपाकघरात होती.

टूवूंबा क्वीन्सलँडमध्ये आहे, ब्रिस्बेनच्या पुढे. शेतीचा मुलूख, माती लाल. पाणी देणाऱ्या यंत्रांच्या कंपनीला तिथे माणसं लागणारच. अनिश तिथे नोकरी पाहून आला आहे आणि त्याने ते स्वरदापासून लपवलं आहे. लग्न ठरलं, सुपारी फुटली, की मग सांगणार: चल. तिथे बस क्वचित मिळते. तिला गाडी चालवता येत नाही. एकही ओळखीचं माणूस नाही.

स्वरदाला आत्ता सांगितलं तर तो हसून तिची समजूत काढेल. त्यामुळे लिउराला, शोभाकाकू ऐकत असताना विचारायचं.

यात मला आनंद होत नाही. पण बरं वाटलं.

शनिवार, ११ ऑक्टोबर

परतीच्या ट्रेनमध्ये लिहिते आहे. बाकीचे तिघं गाडीने येतील किंवा आले असतील.

सकाळी यतिनने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. "या विहीणबाई, पुढे बसा. मुलीकडच्यांचा मान."

"मान पुढच्या सीटवर नसतो."

"मग कुठे असतो ते आत्ताच सांगा. शालू, फेटे, काय हवं ते. मागाहून रुसवेफुगवे नकोत आम्हाला."

अनिश मागे मोठ्याने हसला. स्वरदा हसली नाही. वाटेभर ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, लग्नाची धाकधूक.

लिउरा सुंदर आहे असं सगळे म्हणतात. एक उतरता रस्ता, मधोमध चेरीची झाडं, त्यांचा शेवटचा बहर जमिनीवर सांडलेला. दोन्ही बाजूंना लॅव्हेंडरचे साबण, लोकरीच्या टोप्या, मुरंबे. कापून चौकोनी केलेली कुंपणं. मागे सगळीकडे युकॅलिप्टसचं रान पसरलेलं आहे, आणि त्याकडे पाठ करून हे गाव इंग्लंड असल्याचं सोंग करत बसलं आहे. धुकंही होतं.

"पाचगणीच आहे की!" स्वरदा म्हणाली. "फक्त घोडे नाहीत."

"आणि कणीस," अनिश म्हणाला.

"पाचगणी इतकं लाडात येत नाही," मी म्हणाले.

चहाच्या दुकानात बागेतलं टेबल मिळालं. किटलीला लोकरीचा झगा घातलेला होता. त्याला टेकवून फोन उभा केला आणि शोभाकाकू दिसल्या. वाईत नुकतं उजाडलं होतं, पण त्यांनी पैठणी नेसली होती, नथसुद्धा. ती नथ पाहून मला क्षणभर कसंतरी झालं. यतिनने पिशवीतून बाकरवडी काढून टेबलाखालून सगळ्यांना वाटली. वाढणाऱ्या बाईने पाहिलं आणि "नो वरीज, डार्ल" म्हणून मान वळवली.

मी सुरुवात केली. "मुलाची नोकरी कायमची आहे का?"

"मुलगा समोरच आहे, मॅडम," यतिन म्हणाला. "स्कोनला जॅम लावतोय."

"कायमची आहे," अनिश म्हणाला.

"दारू?"

"कधीतरी."

"म्हणजे?"

"म्हणजे यतिन पाजतो तेव्हा."

"अरे! मुलाकडच्यांनाच गोत्यात आणतोस?" यतिन ओरडला. काकू पदराआड हसल्या.

"घरकाम?"

"भांडी घासतो."

"पालथी घालत नाही."

"आमच्याकडे हेही घालत नाहीत गं," काकू म्हणाल्या. पलीकडून काकांचा खोकला ऐकू आला.

सगळे हसत होते. मी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "लग्नानंतर राहणार कुठे?"

यतिनने हातातली बाकरवडी बशीत ठेवली.

"ते मी सांगते," स्वरदा म्हणाली.

"थांब. प्रश्न त्यांना आहे. तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी टूवूंबाला गेला होतात. बुटांना तिथली माती होती. तिथे जायचा तुमचा विचार आहे. हे तुम्ही स्वरदाला सांगितलं आहे का?"

पुरवठादार अशा वेळी कागद चाळायला लागतो. अनिशने तसं काही केलं नाही. त्याने स्वरदाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात घाबरणं नव्हतं. मला वाटतं त्याला माझी कीव आली. ते मी त्याला माफ करणार नाही.

"इरा," स्वरदा म्हणाली. "नोकरी मला लागलीये. तिथल्या हॉस्पिटलमध्ये. अनिश माझ्यामागे येतोय. त्याने बदली मागून घेतली."

फोनमधून काकूंचा आवाज आला. "अगं, म्हणजे हिला सांगितलंच नव्हतंस तू?"

म्हणजे काकूंना माहीत होतं. यतिनला माहीत होतं. बुटांचे दोन जोड होते आणि मी एकाचाच विचार केला. इतकी ढोबळ चूक मी कामात कधी केलेली नाही.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"जूनपासून. आज इथेच सांगणार होते. चांगल्या जागी, सगळे असताना. म्हणून तर..."

"म्हणजे मी एकटी नसताना."

"हो," ती म्हणाली. "घरात सांगायची मला भीती वाटत होती."

"मी कधी तुझ्यावर ओरडले आहे?"

"ओरडली असतीस तर बरं झालं असतं! तू ओरडत नाहीस, इरा. तू नीट बोलायला लागतेस. 'स्वरदा, कृपया गॅस पूस.' 'स्वरदा, आभारी आहे.' मला जूनपासून जाईपर्यंत ते ऐकायचं नव्हतं."

बाजूच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्या आमच्याकडे पाहत होत्या. यतिनला वाटलं आपण काहीतरी करावं. त्याने खिशातून सुपारी आणि छोटा अडकित्ता काढला आणि दोन्ही टेबलावर ठेवले. "चला, फोडून टाकू. म्हणजे लग्न ठरलं, आणि मग भांडा खुशाल. मुलाकडचे तयार. मुलीकडच्यांची हरकत नाही ना?"

"आहे," मी म्हणाले.

"मॅडम, मस्करी..."

"मी मस्करी करत नाही. मुलीकडच्यांना महत्त्वाची गोष्ट सांगितली गेली नाही. आमची हरकत आहे."

"तू कोण हरकत घेणारी?" स्वरदा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"मुलीकडची. तू नेमलेली."

फोनवर काकूंचा चेहरा तसाच होता. मला वाटलं चित्र अडकलं. मग त्यांची नथ हलली. चित्र अडकलं नव्हतं.

मी उठले. वाढणारी बाई म्हणाली, "एव्हरीथिंग ओके, लव्ह?" मी सांगितलं, स्कोन चांगले होते. ते होतेच. चढ चढून स्टेशनवर आले. कुणी मागे आलं नाही. अनिश रस्त्याच्या टोकापर्यंत आला होता, त्याला मी धरत नाही.

ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा टिश्यू पुढे केला. मला सर्दी झाली आहे असं त्यांना वाटलं असावं. डोंगरावर गारठा होता.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पुरवठादाराचा अहवाल त्रुटी दाखवून परत पाठवला. त्यांतल्या दोन खऱ्या होत्या.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

यतिनचा मेसेज: 'विहीणबाई, वाईहून होकार नाही. तुमच्या एका शब्दावर मांडव अडलाय. काकूंना अपशकुन वाटला बहुतेक.'

हास्यास्पद आहे. सुशिक्षित बाई. मुलगी नर्स. आणि एका परक्या मुलीने चहाच्या टेबलावर काही म्हटलं म्हणून लग्न अडवून बसायचं? मी त्यांना फोन करणार नाही. त्यांनीच मला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात:

"तुझं दूध संपलं आहे," मी म्हणाले.

"थँक यू."

"मी माझ्यातलं ठेवलं आहे. कृपया घे."

तिने फ्रिजचं दार आपटलं. "बघ! बघ, बोलायला लागलीस नीट!"

"मग कसं बोलू?"

"मला शिव्या दे! म्हण, स्वरदा, तू नालायक आहेस, चोरून नोकरी घेतलीस, मला सोडून चाललीस. म्हण ना!"

"तू नोकरी चोरून घेतलेली नाहीस. ती तुला गुणवत्तेवर मिळाली असणार."

ती खोलीत गेली आणि दार लावलं. दूध घेतलं नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दिवाळी. हॅरिस पार्कात चालायलाही जागा नव्हती, मिठाईच्या दुकानापासून कोपऱ्यापर्यंत रांग. स्वरदाने दाराशी एक पणती लावून ठेवली होती. मी नंतर दुसरी लावली. एकत्र लावल्या असं म्हणता येणार नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

अनिश आला. स्वरदा ड्यूटीवर होती, हे त्याला माहीत असणारच. मी दारातच उभी राहिले.

"मी आत येत नाही," तो म्हणाला. "एवढंच सांगायला आलो. मी तुम्हाला आवडत नाही, चालेल. मला सवय होईल. पण तिला तुमचं हो हवंय."

"काकूंना हवं आहे. आणि ते अंधश्रद्धेतून."

"काकू?" तो पहिल्यांदाच हसला नाही. "काकूंनी त्याच दिवशी हो म्हटलं, तुम्ही स्टेशनवर पोचायच्या आधी. अडलंय ते स्वरदापाशी. ती म्हणते, इरा हो म्हणेपर्यंत नाही. मी म्हटलं, ती कधीच हो म्हणाली नाही तर? तर म्हणे, मग बघू. मग बघू म्हणजे काय, मॅडम? मी बदली घेऊन बसलोय."

"हे ती मला म्हणालेली नाही."

"तुम्ही दोघी एकमेकींना म्हणता काय नेमकं?"

मी त्याला सांगितलं, मला काम आहे. तो जाताना दाराबाहेरच्या आमच्या चपला बाजूला नीट लावून गेला. त्या तशाच नीट होत्या.

तो खोटं बोलत असावा. बदली अडकल्यामुळे माझ्यावर दबाव आणतो आहे. पण माणूस आवडत नाही म्हणून त्याचं म्हणणं तपासायचंच नाही, असं करता येत नाही. वाईला फोन करावा लागेल.

रविवार, २६ ऑक्टोबर

दोन दिवस टाळून आज शोभाकाकूंना फोन केला.

"मी कुठे अडवलंय गं?" त्या म्हणाल्या. "मी तर तेव्हाच म्हटलं, पोरीपोरींचं भांडण आहे, मिटेल. हीच हटून बसलीये. म्हणते, तिने नाही म्हटलंय ना, मग नाही. लहानपणी दिवस दिवस उपाशी राहायची अशीच. आता तूच सांग बाई, काय हरकत आहे तुझी? मुलगा वाईट आहे का?"

"नाही."

"काही कळलं का तुला त्याच्याबद्दल?"

"नाही. मुलाबद्दल माझी काहीही हरकत नाही. त्याने तिच्यासाठी बदली घेतली आहे. ते योग्य आहे."

"मग?"

या प्रश्नाची मी तयारी केली होती. माहिती वेळेवर न मिळाल्याचं सांगणार होते. सांगितलं ते वेगळंच.

"टूवूंबा लांब आहे, काकू."

त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"आणि वाई काय जवळ आहे का गं?"

मी गॅलरीत उभी होते. खाली कुणीतरी गाडी लावायच्या जागेवरून पंजाबीत भांडत होतं. काकू वाट पाहत होत्या. त्यांना घाई नव्हती. एका विमानतळावर त्या अशाच थांबल्या असतील, हे आजवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"माझी हरकत मी मागे घेते," मी म्हणाले.

"साध्या मराठीत सांग."

"हो. मी हो म्हणते."

"मला काय सांगतेस? तिला सांग."

"तुम्हीच सांगा ना. मी फोन तिच्याकडे नेते."

"बरं," काकू म्हणाल्या. "ने."

मी स्वरदाचं दार वाजवलं. तिने उघडलं. डोळे सुजलेले होते. रात्रपाळीनंतर तिचे असे होतात.

"आईचा फोन आहे," मी म्हणाले.

"माझ्या आईचा? तुझ्यावर?"

"मी केला होता."

तिने फोन घेतला. मला तिथे थांबायचं काही कारण नव्हतं, पण फोन माझा होता, त्यामुळे थांबावं लागलं. ती ऐकत होती. एकदा "काय म्हणाली?" असं म्हणाली. मग "लांब?" असं म्हणाली आणि माझ्याकडे पाठ केली. बऱ्याच वेळाने "हो आई" म्हणून तिने फोन बंद केला.

मी हात पुढे केला. तिने फोन दिला नाही.

"आत ये," ती म्हणाली.

"फोन दे, स्वरदा."

"कृपया म्हणायचं विसरलीस."

"फोन दे गं, नालायक."

तिने फोन पाठीमागे धरला आणि दार पूर्ण उघडलं. पलंगावर, खुर्चीवर, जमिनीवर सगळीकडे अर्धी भरलेली खोकी होती. बसायला जागा नव्हती. तिने एक खोकं पायाने बाजूला सरकवलं.

मी आत गेले. फोन हवा होता.